रखमीची अकरावी काणी

रखमी,

तुला पत्र लिहिण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तू नाहीस त्याला दोन श्रावण होऊन गेले. पण तुझ्याविषयी ‘ती’ ‘ती’ करत लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. त्या तऱ्हेनं मी शेहेचाळीस वर्षांपूर्वी एकदा लिहून चुकलेय, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघालं. म्हणून तुलाच सांगते. बाकीच्यांनी ऐकावं.

आधी एक दुरुस्ती. माझ्या एमएच्या प्रबंधात मी लिहिलं होतं, ‘या कहाण्या मुरबाड तालुक्यातील एका वृद्ध ठाकर स्त्रीकडून मिळाल्या.’ वृद्ध! अठ्ठ्याहत्तर साली तू पंचवीस वर्षांची होतीस. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पाठीला पोर बांधून मोहाची फुलं वेचत होतीस. पण माझे मार्गदर्शक म्हणाले, म्हाताऱ्या बाईनं सांगितलं की वजन येतं. मी म्हातारी लिहिलं. नाव लिहिलंच नाही, कारण त्यांनी ते विचारलं नाही.

तुझं माहेर उंबरमाळीच्या वरचं. बाप कूपावर, म्हणजे जंगलखात्यानं तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूड तोडायचा. पंधराव्या वर्षी चांगोशी लग्न होऊन तू वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यावर आलीस. दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, होळीला परत. एप्रिल-मेमध्ये माळशेजच्या रस्त्याला बसून करवंदं विकायचीस, पळसाच्या द्रोणात. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, ते भात कांडताना गेलेलं. आणि रिकाम्या हातांनी तुला काणी सांगता येत नसे. कहाणीला तुम्ही काणी म्हणता. हातात काहीतरी लागायचं, नाचणीतले खडे तरी. हात थांबला की तोंड थांबलं.

मी शहापूरच्या शाळेत मास्तरीण. सुटीत मुरबाडला एका मैत्रिणीकडे राहून रोज दुपारी एसटीनं वैशाखऱ्याला यायची आणि पाडा चढायची. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, “दिसाची काणी सांगू नाय. मामा वाट चुकतो. तुला मामा हायेत?”

“एक आहे. कल्याणला.”

“मंग जाऊं दे. कल्याणला चुकला तं कोनीबी सांगंल.”

मला कागदखाऊ म्हणायचीस. “येवढं लिवत्येस कशाला गो? तुला याद ऱ्हात नाय?” मी म्हटलं, शिकलेल्यांना राहत नाही. तुला ते पटलं.

तुझ्या माहेरची एक रीत होती, ती मला तेव्हा अडचणीची वाटली. काणी सुरू करण्याआधी तू नावं घ्यायचीस. ही काणी रखमीच्या तोंडची, रखमीला दिली चिमीनं, चिमीला दिली भागी आत्यानं, भागीला दिली कमळूच्या आईनं. अशी सात-आठ नावं. प्रत्येक नावाला मी ‘हं’ म्हणायचं. नाही म्हटलं तर तू पुढं सरकत नसायचीस. माझी तिसरी वही भरत आली, वैताग आला, आणि मी विचारलं, “नावं नाही घेतली तर काय होईल?”

तू खडा बाजूला टाकलास. “नाव घेतला तं नाव जातो मांगं, ज्याची काणी त्याला खबर द्यायला. नाव नाय घेतला तं आपल्याला जावा लागतो.”

“मग मी एसटीनं जाईन,” मी म्हटलं.

तू हसली नाहीस. मला आठवतं, कारण एरवी तू माझ्या कुठल्याही विनोदाला हसायचीस.

अकरा काण्या दिल्यास. दहा पूर्ण. अकरावी अर्धी.

ती कांडणाऱ्या बाईची. एक बाई घरात एकटी. कणगीत भात आहे, पण कांडायचा तिला कंटाळा. एका सकाळी उठते तर सूपभर तांदूळ तयार, कोंडा वेगळा, कणी वेगळी. कोणी कांडला, ती विचारत नाही. रांधते, खाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सहा महिने ती खाते. अंगानं भरते. पाडा म्हणतो, बाई सुखात आहे. मग एकदा रानातून वेळेआधी घरी येते आणि दारातून पाहते, तर उखळाशी कोणी नाही आणि मुसळ वर जातंय, खाली येतंय.

इथं खाली रस्त्यावर साडेचारच्या एसटीचा हॉर्न वाजला. शेवटची गाडी. मी वही मिटून पळाले. “उद्या सांग!” ओरडले. त्या संध्याकाळी वडील आजारी असल्याची तार आली, मी शहापूरला परतले, ते वारले, सुटी संपली. मी परत आले नाही. यायला हवं होतं, दोन तासांचा तर रस्ता. आले नाही.

टंकलेखकाकडे कागद द्यायचा दिवस आला तेव्हा अकराव्या काणीला शेवट नव्हता. त्याच्याच बाकावर बसून दहा मिनिटांत मी तो रचला. बाई विचारते, ‘कोण गं तू?’ मुसळ थांबतं. आवाज येतो, ‘इतके दिवस तू खाल्लंस ती मी. आता मी खाते, तू कांड.’ बस. मार्गदर्शकांना तोच भाग सर्वांत आवडला. अस्सल लोकमनाचा आविष्कार म्हणाले. मी गप्प बसले. पण शाळेत मात्र पोरांपुढे दर वर्षी फुशारकी मारायची, की बाकी काण्या ठाकरांच्या, हा शेवट माझा. आयुष्यात मी स्वतःचं म्हणून एवढंच लिहिलं.

आता गंमत ऐक. निवृत्त झाल्यापासून दर जुलैत मी मुरबाडकडच्या एका कॉलेजात एमएच्या मुलांपुढे भाषण देते. विषय ठरलेला, लेखनातली चोरी कशी टाळावी. ‘दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर अवतरणात घाला. शब्द फिरवलेत म्हणून ते तुमचं होत नाही. विचार घेतलात तरी नाव द्या. ज्याचं घेतलं त्याचं नाव आधी, मग तुमचं तोंड उघडा.’ खणखणीत बोलते मी. टाळ्या पडतात. बारा वर्षांत एकदाही तू आठवली नाहीस. हे मी लाजून वगैरे सांगत नाही, झालं तसं सांगते.

या वर्षी मे महिन्यात साईनाथचा फोन आला. माझा शाळेतला विद्यार्थी, बाकाखाली बसून पेरू खायचा, आता त्याच कॉलेजात मराठीचा विभागप्रमुख.

“बाई, अभिनंदन करू की दिलगिरी? तुमच्याकडे चोरी झालीय.”

“काय गेलं?”

“अकरा कहाण्या. आमच्या एका मुलीच्या प्रबंधात. तुमचा जुना प्रबंध विद्यापीठानं कॉम्प्युटरात घातलाय ना, तर यंत्रानं बरोब्बर पकडलं. सत्तेचाळीस टक्के. वाक्यंच्या वाक्यं तुमची.”

“लोककथा आहेत रे त्या. कोणीही सांगेल.”

“दहा कोणीही सांगेल. पण अकरावीचा शेवट? तो तुम्ही रचलेला. आम्हाला नववीत तुम्हीच सांगितलं होतंत. तो तिच्याकडे कसा आला? शब्दाला शब्द! सोमवारी कमिटी आहे. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की हा शेवट माझा, मी तिच्या घरच्या कोणाला सांगितलेला नाही. नियमाप्रमाणे एक वर्ष तिला प्रबंध देता येणार नाही. जूनमध्ये आश्रमशाळेत लागणार होती, ते अर्थात गेलं.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शेहेचाळीस वर्षांनी कोणीतरी माझं चोरण्याइतकं वाचलं होतं. पाच मिनिटांत दोन ओळी लिहिल्या, सही केली. संध्याकाळी त्यानं प्रबंधाची प्रत पाठवली. यंत्रानं पिवळी केलेली पानं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं. मग पहिलं पान उलटलं. दिपिका पंढरी मेंगाळ. राहणार वरचा पाडा, वैशाखरे.

पंढरी. पाठीला बांधलेलं ते पोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी नात माझ्या दारात उभी. साईनाथनं पाठवलेली. बारीक, उंच, खांद्याला कापडी पिशवी.

“सरांनी माफी मागायला पाठवलंय.”

“मग माग.”

“नाय मागत. मी चोरलं नाय.”

मला अशी माणसं बरी वाटतात. म्हटलं, आत ये. बसली, पण खुर्चीच्या कडेवर. माझ्याकडे बघत होती. घाबरून नाही. ओळखीचं माणूस नव्या जागी दिसलं की आपण बघतो, तसं.

“माझं भाषण ऐकलं होतंस?”

“तिसऱ्या बाकावर होते. ज्याचं घेतलं त्याचं नाव आधी. आजी पण तेच म्हणायची. म्हणून मी प्रत्येक काणीच्या डोक्यावर नावं घातली होती. सरांनी कापली.”

“का?”

“सर म्हणाले, ही काय संदर्भाची पद्धत? साल नाही, पान नाही, प्रकाशक नाही, निम्म्या बाया मेलेल्या. शेवटी एका ओळीत ‘सौजन्य: ग्रामस्थ’ लिही म्हणाले.” तिनं पिशवीतून पहिला कच्चा खर्डा काढला. “हे बघा ना.”

पाहिलं. पानोपान वरच्या बाजूला नावांच्या रांगा, आणि त्यांवर लाल पेन्सिलीची काट. रखमी, चिमी, भागी, कमळूची आई. तुझं नाव मी छापील अक्षरात पहिल्यांदा पाहत होते, तेही खोडलेलं. अकरा वेळा. मी पानं उलटत गेले. अकराव्या काणीवरची रांग इतरांपेक्षा लांब होती. शेवटी लिहिलं होतं, ‘आणि काणीचा शेवट रखमीला दिला मास्तरीणबाईनं, शहापूरच्या.’

“कोण ही मास्तरीणबाई?” मी विचारलं.

दिपिकानं माझ्याकडे पाहिलं. “तुमी.”

“मी?”

“तुमी येत होतात ना आमच्याकडं. मी लहान होते तवापासून बघत्ये. दुपारच्या यायच्यात, ओट्यावर भिंतीला टेकून बसायच्यात. आजी तांब्या ठेवायची. तुमी कधी पाणी घेतलं नाय.”

“पोरी, मी अठ्ठ्याहत्तर सालापासून तिकडे पाऊल टाकलेलं नाही.”

तिनं पिशवीचा बंद सारखा केला. म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडू नये, एवढी शिस्त तू तिला लावली होतीस.

“दुसरी कोणी असेल,” मी म्हटलं. “नर्सबाई. अंगणवाडीची.”

“आसंल,” ती म्हणाली. मग माझ्या नेसणीकडे बघून हळूच, “हीच साडी असायची. निळ्या काठाची.”

ती साडी मी दोन वर्षांपूर्वी घेतली, रखमी. माझ्या पैशानं, माझ्या हातानं, शहापुरात. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “मंग मी चुकले,” आणि मोबाइल काढला. तुझा आवाज होता त्यात. तू जायच्या आदल्या वर्षी तिनं भरून घेतलेला.

पाठीमागे कोंबडी, कोणीतरी लाकूड फोडतंय, आणि तू. आवाज खरखरीत झालेला, पण हातात काहीतरी होतं हे कळत होतं, सूप पाखडल्याचा आवाज येत होता. तू नावं घेत होतीस. प्रत्येक नावाला दिपिका ‘हं’ म्हणत होती. दिपिकाच्या मागून आणखी एक ‘हं’ येत होता. थोडा उशिरा. मी विचारलं, तिथं आणखी कोण होतं? ती म्हणाली, आमी दोघीच. मी ते तीन वेळा मागे नेऊन ऐकलं आणि मग सोडून दिलं. डोंगरात आवाज फिरतो.

मग तू काणी सांगितलीस. माझ्या वहीत आहे तशीच. मुसळ वर जातंय, खाली येतंय, इथपर्यंत आलीस आणि थांबलीस. सूपही थांबलं.

“हितं बाय उठून गेलती,” तू म्हणालीस. “मंग मी कोनालाच पुढं सांगली नाय. तिची काणी तिच्यापाशी अडकली. मंग ती येयाला लागली. येत्ये, बसत्ये, बोलत नाय. लय वर्सं. मी म्हनली, बाय, नाव नाय घेतलंस ना गो? मी सांगलं व्हतं. येक दिस बोलली. शेवट सांगून गेली.”

“काय सांगितलं?” दिपिकाचा आवाज.

आणि तू सांगितलंस, “इतके दिवस तू खाल्लंस ती मी. आता मी खाते, तू कांड.”

रखमी, तू ‘दिवस’ कधी म्हणत नसायचीस. ‘दिस’ म्हणायचीस. त्या दोन वाक्यांत तुझा सूर नव्हता. शहापूरच्या शाळेतला होता, फळ्यासमोर उभं राहून वाचल्यासारखा, प्रत्येक शब्द सुटा. माझा. तुझ्या तोंडून मी बोलत होते.

दिपिकानं मोबाइल बंद केला. “तुमच्या तोंडाचा रंग गेलाय,” म्हणाली, आणि न विचारता आत जाऊन पाणी आणलं. मी तांब्या हातात घेतला. तिनं तो रिकामा होईपर्यंत नजर काढली नाही.

ती गेल्यावर मी नीट विचार केला. मला भुताखेतांची भीती नाही आणि वेळही नाही. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, तो शेवट तू मला त्याच दिवशी सांगितला होतास, हॉर्नच्या आधी, आणि मी विसरले. टंकलेखकाच्या बाकावर मला तो सुचला नाही, आठवला. म्हणजे आयुष्यात माझं म्हणून जे एक होतं, तेही तुझंच. चोरी करणाऱ्याला चोरी आठवत नाही, असं मी दर जुलैत मुलांना सांगतेच. पण तू स्वतः म्हणतेस की बाय उठून गेली आणि तू पुढे सांगितलं नाहीस. मग दुसरी गोष्ट उरते.

रोज जेवल्यावर मला खुर्चीत तासभर डोळा लागतो. या वयात कोणाचा लागत नाही? उठल्यावर पोटऱ्या भरून आलेल्या असतात. डॉक्टर म्हणतात, नसा. त्या संध्याकाळी मी ती निळ्या काठाची साडी झटकली. घडीतून तूस पडलं. भाताचं, सोनेरी, मूठभर नाही, चिमूटभर. शहापूर काही मुंबई नाही, इथं घरोघरी तूस असतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण माझ्या घरात वीस वर्षं पिशवीतला तांदूळ येतो. मी केर काढला आणि साडी पेटीत घातली.

सोमवारी कॉलेजात गेले. टेबलापलीकडे साईनाथ आणि आणखी दोघे, अलीकडे दिपिका, हात मांडीखाली दाबून. माझ्या सहीचा तो कागद साईनाथपुढे होता. तो कागद खरा होता. मी तो शेवट रचला होता, पाड्यावर कोणाला सांगितला नव्हता. तो तसाच राहू दिला असता तर मी शंभर टक्के प्रामाणिक आणि पोरीचं वर्ष गेलं.

“तो इकडे दे,” मी म्हटलं, आणि चार तुकडे केले.

“बाई!”

“दुसरा लिहून आणलाय. वाचते. या अकरा कहाण्या मी रखमी चांगो मेंगाळ हिच्याकडून घेतल्या. तिचं नाव दिलं नाही. तिला म्हातारी लिहिलं, ती नव्हती. दिपिकानं आपल्या आजीकडून घेतल्या आणि नावं दिली, ती तुमच्या विभागानं कापली. तेव्हा सत्तेचाळीस टक्के चोरी झाली आहे हे यंत्राचं म्हणणं बरोबर आहे. फक्त चोर चुकीचा पकडलाय.”

टेबलापलीकडे कोणी कोणाकडे बघेना. साईनाथचे कान लाल झाले. नववीतही व्हायचे.

“बाई, ते सगळं मान्य,” तो म्हणाला. “पण शेवट? तो आजीकडे कसा आला?”

“मी सांगितला.”

“कधी?”

“दुपारी.”

“म्हणजे कोणत्या साली?”

“साल मला सांगता येणार नाही. बरीच वर्षं जात होते मी तिकडे.”

“तुम्ही तर मागे म्हणाला होतात की परत कधी गेलाच नाहीत.”

“म्हटलं असेन. या पोरीनं मला तिथं पाहिलंय. विचारा.”

त्यानं दिपिकाकडे पाहिलं. ती म्हणाली, “हो सर. ओट्यावर बसायच्यात.”

दोन साक्षी जुळल्या. कमिटीला आणखी काय लागतं? ‘अकराव्या कहाणीचा शेवट मी रखमीच्या ओट्यावर बसून तिला सांगितला’ असं लिहून मी खाली सही केली. बारा वर्षं मुलांना सांगत आले की ज्याची खात्री नाही ते लिहू नका. ही सही खरी की खोटी, मला अजून ठरवता आलेलं नाही. 

दिपिकाला महिना मिळाला. सगळी नावं परत घातली, साईनाथनं स्वतः तपासली, मुकाट्यानं. जूनअखेर तिचा निकाल लागला आणि ती आश्रमशाळेत रुजू झाली. जुलैचं भाषण मी या वर्षी तिला द्यायला लावलं. मी मागे बसले. तिनं सुरुवातीलाच नावं घेतली, तुझ्यापासून. पोरं आधी खिदळली. मग तिनं दटावलं, “हं म्हणा, नाय तर मी पुढं जात नाय.” चाळीस पोरं ‘हं’ म्हणाली.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती. म्हणाली, “त्या दिवशी रेकॉर्डिंग थोडं ऱ्हायलं होतं. तुमची तब्येत बघून मी बंद केलं. ऐकवू?”

ऐकलं. काणी संपल्यावर सूप पुन्हा सुरू झालं होतं. तू सहज, कोणीतरी बाजारला निघालंय अशा सुरात बोललीस. “आन बायला म्हनावं, मुसळाच्या तोंडाचं लोखंडी कडं गेलंय. शहापुरात लोहार हाय, येताना घेऊन ये. दर वारी सांगत्ये तिला. मान हालवत्ये आन इसरत्ये.”

दिपिका हसली. मीही हसले. मग ती म्हणाली, मुसळ अजून तसंच आहे, ओट्याच्या कोपऱ्यात उभं, आई त्यावर कपडे वाळत घालते.

मी दुसऱ्याच दिवशी लोहाराकडे गेले. सगळ्या शहापुरात आता एकच उरलाय, स्टँडच्या मागे, तोही खिडक्यांच्या जाळ्या करतो. म्हातारा आहे, त्याला मुसळाचं कडं ठाऊक होतं.

“देतो की करून. माप काय?”

“माप?”

“मुसळाच्या तोंडाचं, बाई. प्रत्येकाचं निराळं. सैल झालं तर दोन घावांत उडंल. सुतळी गुंडाळून माप आना.”

दिपिकाला सांगता आलं असतं, सुटीला घरी जाशील तेव्हा माप घेऊन ये म्हणून. फोन हातात घेतला आणि ठेवला. काम तू मला सांगितलं होतंस. सुतळीचा तुकडा पिशवीत टाकून मी दोनदा स्टँडवर गेले. मुरबाडची गाडी लागते साडेअकराला. तिथून वैशाखरे, मग चढण. म्हणजे पाड्यावर पोचायला दुपार होते. ओट्याच्या कोपऱ्यात मुसळ आहे, आणि मुसळाशेजारी भिंत आहे, आणि ती वेळ दुपारची. मी पायऱ्या चढून वर यायचं आणि तिथं भिंतीला टेकून आधीच कोणी बसलेलं असलं, तर मी तिला काय विचारायचं?

दोन्ही वेळा गाडी गेली. सुतळी अजून पिशवीत आहे. कडं केलेलं नाही.